आधी मॉनिटरचा दिवा ओळखा, मग रंग: साडीचे फोटो करणाऱ्यांसाठी स्क्रीन कॅलिब्रेशन

गेल्या दिवाळीच्या आधी मुंबईत दादरच्या हिंदमाता बाजारातल्या एका साडीवाल्या काकांना चाळीस साड्यांचे फोटो करून दिले होते. आठवडाभरात काकांचा फोन. "अरे बाळा, ती अबोली परत आली रे. बाई म्हणतात मी बदामी मागवली होती, ही कसली अबोली पाठवलीत." मी म्हटलं काका, बाईंचा मोबाइल जुना असेल. दोन दिवसांनी अजून एक परत आली, ती डाळिंबी होती आणि फोटोत विटकरी दिसत होती. मग मात्र गप्प बसलो, कारण दोन वेगवेगळ्या बायकांचे मोबाइल एकाच बाजूला चुकत नाहीत, चुकतोय तो मीच.

आणि गंमत बघा, मॉनिटर मी नुकताच कॅलिब्रेट केला होता, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जागेवर आणले होते, आणि तेही अंदाजाने नाही, रंग मोजणारा चांगला मीटर लावून, दीड तास घालवून, रिपोर्टमध्ये सगळे आकडे हिरवे. चूक एका ड्रॉपडाउनमध्ये होती. सॉफ्टवेअर विचारतं की तुमच्या डिस्प्लेची बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) कुठल्या प्रकारची आहे, आणि मी बिनधास्त 'व्हाइट एलईडी' निवडून पुढे गेलो होतो, कारण दुकानदाराने 'एलईडी मॉनिटर' म्हणून दिला होता ना. त्या एका क्लिकमुळे माझी पूर्ण स्क्रीन किंचित गुलाबी झाली. डोळ्याला सवय झाली, मला ते पांढरंच वाटायला लागलं, आणि मी प्रत्येक फोटोतून थोडा थोडा गुलाबी काढत बसलो. अबोलीतून गुलाबी काढला की उरतं काय, बदामी.

तेव्हा नेटवरचे बाकीचे लेख सुरुवात करतात गॅमा आणि केल्विनपासून, मी सुरुवात करणार दिव्यापासून.

एलसीडीच्या मागे कुठला दिवा असतो

एलसीडी पॅनल स्वतः उजेड देत नाही. गणपतीच्या मखरात बल्बसमोर जिलेटीन पेपर लावतो तसंच हे, मागे दिवा आणि पुढे प्रत्येक पिक्सेलवर लाल-हिरवा-निळा फिल्टर. ज्यांनी मखर केलंय त्यांना माहितीये की लाल जिलेटीन जुन्या पिवळ्या बल्बवर लावला तर निखाऱ्यासारखा पेटतो आणि तोच कागद ट्यूबलाइटवर लावला की मेल्यासारखा दिसतो. कारण फिल्टर नवीन रंग तयार करत नाही, दिव्यात जे आहे त्यातलं नको ते अडवतो. दिव्यातच लाल कमी असेल तर फिल्टर तरी कुठून आणणार. डिस्प्लेच्या रंगांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास बराचसा याच भानगडीचा आहे, मागचा दिवा सुधारायचा कसा.

सुरुवातीच्या मॉनिटरमध्ये बारीक ट्यूबलाइट असायची, सीसीएफएल म्हणतात तिला, बॉलपेनच्या कांडीएवढी जाड, आत पारा, आणि चालवायला शेकडो व्होल्ट देणारा इन्व्हर्टर. ती नीट तापून स्थिर व्हायला अर्धा तास घ्यायची आणि वय झालं की पिवळी पडायची. २०१० च्या आसपासपर्यंत हीच सगळीकडे होती, आणि लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड घेतलात तर अजूनही नशिबात येऊ शकते.

एलईडी लावायचं म्हटलं तर लाल आणि हिरवा एलईडी कधीपासून होता, अडलं होतं निळ्यावाचून. निळा नाही तर पांढरा नाही. जपानच्या इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी गॅलियम नायट्राइडचं अवघड काम मार्गी लावलं आणि शुजी नाकामुरांनी १९९३ मध्ये निचिया कंपनीत भरपूर उजेड देणारा निळा एलईडी करून दाखवला, तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. (नाकामुरांना या शोधाबद्दल कंपनीकडून मिळाले होते २० हजार येन, मग ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये ८४ कोटी येनच्या आसपास तडजोड झाली. इन्क्रीमेंटवरून एचआरशी भांडताना हे उदाहरण लक्षात ठेवा.) १९९६ मध्ये निचियानेच निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारी पावडर) लावून पांढरा एलईडी बाजारात आणला. आपल्या घरातला एलईडी बल्ब आणि साधा 'एलईडी मॉनिटर' हे दोन्ही तेच. निळा भरपूर, मधे पिवळ्याचा पसरट डोंगर आणि खरा गडद लाल जेमतेम.

मग सुरू झाली लाल मिळवायची धडपड. सोनीने २००४ मध्ये क्वालिया ००५ नावाच्या टीव्हीत लाल, हिरवे, निळे असे वेगळे एलईडी मागे लावले, रंग जबरदस्त, पण किंमत अफाट, आणि तीन रंगांचे एलईडी एकाच वेगाने म्हातारे होत नाहीत त्यामुळे त्यांच्यावर सेन्सरने सतत लक्ष ठेवावं लागतं. पुढे निळी आणि हिरवी चिप घेऊन त्यावर लाल फॉस्फर असा मधला मार्ग आला, फोटोवाल्यांच्या अॅडोबी आरजीबी (रंगांचा एक मोठा संच) मॉनिटरमध्ये तो पुष्कळ वापरला गेला. आणि मग आला केएसएफ फॉस्फर, पोटॅशियम फ्लुओरोसिलिकेटमध्ये मँगनीज, जनरल इलेक्ट्रिकने पुढे आणलेला. हा ६३० नॅनोमीटरच्या आसपास अगदी सुईसारखा बारीक लाल देतो, पसरट नाही. आजचे 'पी३ ९५ टक्के' (पी३ हा असाच दुसरा मोठा संच) असं लिहिलेले बरेच मॉनिटर आणि लॅपटॉप या केएसएफवर चालतात, आणि माझाही त्यातलाच निघाला.

क्वांटम डॉट म्हणजे त्याच्या पुढची पायरी. काही नॅनोमीटरचे कण, त्यांच्यावर निळा उजेड पडला की कणाच्या आकाराप्रमाणे रंग बाहेर, मोठा कण लाल, लहान कण हिरवा. टीव्हीत हे २०१३ पासून आलं, आणि बावेंडी, ब्रुस, एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच कणांसाठी. मिनी एलईडी हा रंगाचा नाही, अंधाराचा शोध आहे: मागे हजारो बारीक एलईडी आणि त्यांचे झोन, जिथे काळं तिथला झोन मंद. २०२१ च्या मोठ्या आयपॅड प्रोमध्ये असे २५९६ झोन होते. ओएलईडीला बॅकलाइटच नाही, पिक्सेल स्वतःच पेटतो, त्यामुळे वरचं पुराण तिथे लागू नाही, पण सॉफ्टवेअरमध्ये त्याचा पर्याय वेगळा असतो तो मात्र निवडायचा.

मीटरला दिव्याशी काय देणंघेणं

आपण घेतो तो परवडणारा मीटर म्हणजे कलरीमीटर. त्याच्यात माणसाच्या डोळ्याची नक्कल करणारे तीन फिल्टर असतात, आणि ती नक्कल कधीच शंभर टक्के नसते. पसरट स्पेक्ट्रममध्ये (दिव्याच्या उजेडात कुठला रंग किती, तो पसारा) थोडी चूक खपून जाते, पण केएसएफसारखा सुईएवढा लाल नेमका फिल्टरच्या वाकड्या जागी पडला तर मीटर तो कमी किंवा जास्त मोजतो. म्हणून सॉफ्टवेअरला सांगावं लागतं की बाबा समोर हा दिवा आहे, त्याप्रमाणे दुरुस्ती कर. यालाच करेक्शन म्हणतात. चष्म्याचा नंबर समजा. दुसरा प्रकार स्पेक्ट्रोफोटोमीटर, तो उजेडाचे तुकडे करून पूर्ण स्पेक्ट्रम बघतो त्यामुळे त्याला दिवा सांगावा लागत नाही, पण महाग, हळू, आणि गडद रंगात अडखळतो.

आता डोक्यात पक्कं बसवण्यासारखी गोष्ट. चुकीच्या करेक्शनने कॅलिब्रेट केलं आणि त्याच करेक्शनने व्हेरिफाय केलं तर रिपोर्ट झकास येतो. माझा डेल्टा ई (रंगातली चूक मोजणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) सरासरी १ च्या आत होता आणि स्क्रीन गुलाबी! ज्या चष्म्याने चूक केली त्याच चष्म्याने पेपर तपासला, मग पास होणारच.

पायरी १: आपला दिवा कुठला ते शोधा

मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, तो टाकून पॅनलचा प्रकार शोधा. सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर माझा घरगुती उपाय: जुनी सीडी. माळ्यावर लग्नाच्या कॅसेटच्या पिशवीत एखादी पडलेली असतेच.

स्क्रीनवर पूर्ण काळं चित्र लावा आणि मधोमध पांढरी उभी रेघ, करंगळीपेक्षा बारीक. खोलीत अंधार करा. हातभर अंतरावर उभं राहून सीडीची चमकती बाजू स्क्रीनकडे धरा आणि हळूहळू कलती करा, एका कोनात त्या रेघेचं इंद्रधनुष्य दिसायला लागेल. आता नीट बघा. सुटे सुटे पट्टे दिसले, त्यात एक झगझगीत हिरवा वेगळा उभा, तर सीसीएफएल. निळा पट्टा ठळक आणि मग हिरव्यापासून लालपर्यंत एकसलग पसारा, लोण्यावर सुरी फिरवल्यासारखा, तर साधा पांढरा एलईडी. निळा, हिरव्याचा फुगवटा, आणि लाल मात्र बारीक, तीक्ष्ण, जवळ दुसरी फिकट रेघ असल्यासारखा, तर केएसएफ. निळा-हिरवा-लाल असे तीन स्वच्छ वेगळे फुगवटे आणि मधे अंधाराची फट, तर क्वांटम डॉट किंवा वेगळ्या आरजीबी एलईडीची भावंडं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा स्वयंपाकघरातून आई म्हणाली, अंधारात सीडी घेऊन काय ओवाळतोयस मॉनिटरला. पण त्या लाल रेघेने दहा सेकंदात सांगितलं जे दुकानदाराला सांगता आलं नव्हतं. त्याला दोष नाही म्हणा, 'एलईडी मॉनिटर' हा शब्दच फसवा आहे, निळ्या एलईडीपासून निघालेलं काहीही त्यात बसतं.

सेकंडहँड घेताना अजून दोन गोष्टी. पांढऱ्या स्क्रीनवर निळसर-जांभळी झाक किंवा डाग असतील तर फॉस्फर खलास होत आलाय, कॅलिब्रेशनने बरा होणारा आजार नाही, घेऊ नका. आणि पॅनल काळं आहे पण आवाज येतोय असं असेल तर टॉर्च तिरकी मारून बघा, आत पुसट चित्र दिसलं तर फक्त बॅकलाइट गेलीये. पट्टी बदलून मिळते, पण बदललेली पट्टी मूळच्या रंगाची असेलच असं नाही, म्हणजे नंतर सगळं कॅलिब्रेशन पहिल्यापासून. स्वतः उघडायला जाऊ नका, बॅकलाइटच्या ड्रायव्हरमध्ये शॉक बसण्याइतके व्होल्ट असतात.

लॅपटॉपवाल्यांसाठी: स्पेकमध्ये '४५ टक्के एनटीएससी' (जुन्या टीव्हीचा रंगसंच) असं दिसलं तर समजा एसआरजीबीच्या (वेबवर सगळीकडे चालणारा रंगसंच) साधारण ६०-६५ टक्केच रंग दिसणार. कॅलिब्रेशनने असलेले रंग जागेवर येतात, नसलेले येत नाहीत. त्यावर राणी कलरची साडी एडिट करणं म्हणजे सर्दी झालेली असताना फोडणी चाखणं.

पायरी २: खोली

मुंबईतल्या खोल्या रंगाच्या बाबतीत बदमाश असतात. माझ्याकडे भिंत पिस्ता रंगाची होती, आणि पावसाळ्यात समोरच्या बिल्डिंगने छपरावर निळी ताडपत्री टाकली की दुपारी माझ्या खोलीत निळा उजेड. दोन वर्षं कळलंच नाही की जून ते सप्टेंबर माझे फोटो थोडे जास्त पिवळे का येतात, मी निळ्याची भरपाई करत बसायचो. आता जाड पडदा आहे, मॉनिटरच्या मागची भिंत राखाडी केली आहे (पूर्ण खोली करायची गरज नाही, नजरेत येते तेवढीच), आणि एडिटिंगला एकच दिवा, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), मॉनिटरच्या मागे, स्क्रीनवर थेट पडणार नाही असा. दिवा घेताना खोक्यावर सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा वर लिहिलंय का बघा. वॉर्म व्हाइट आणि कूल व्हाइट असे दोन दिवे एकाच वेळी लावू नका, एवढं केलंत तरी अर्धं काम झालं.

पायरी ३: मॉनिटरची सोंगं बंद करा

मॉनिटर चालू करून अर्धा तास सोडून द्या, सीसीएफएल असेल तर पाऊण तास. तोवर चहा. मग मॉनिटरच्या मेनूत जाऊन आधी फॅक्टरी रीसेट. त्यानंतर डायनॅमिक काँट्रास्ट, इको मोड, लो ब्लू लाइट, ब्लॅक इक्वलायझर, जे जे 'स्मार्ट' आणि 'ऑटो' नावाने दिसेल ते बंद. विंडोजमध्ये नाइट लाइट आणि एचडीआर बंद, मॅकमध्ये ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच काम करा, कारण बॅटरीवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर वीज वाचवायला बॅकलाइट आणि काँट्रास्ट गुपचूप खालीवर करतो. मिनी एलईडी असेल तर लोकल डिमिंग बंद, नाहीतर मीटरखालचा रंगाचा छोटा चौकोन (पॅच) आणि आजूबाजूचं काळं यात झोन गोंधळतात आणि आकडे नाचतात.

एचडीएमआयने जोडलं असेल तर एक हमखास घोटाळा बघा. कॉम्प्युटर कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजून रंगाची ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच रेंज पाठवतो, मग काळा राखाडी आणि सगळं धुरकट, आपण समजतो पॅनल वाईट आहे. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी फुल निवडा. हा एक बदल केल्यावर लोकांनी मला फोन करून मॉनिटर नवीन झाला म्हणून सांगितलंय.

ब्राइटनेस कमी केल्यावर डोळे दुखतात असं होत असेल तर स्क्रीनसमोर पेन्सिल भराभर हलवून बघा. एकाच पसरट पंख्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर बॅकलाइट उघडझाप करून मंद होतेय. रंगाला फार फरक नाही, पण डोक्याला आहे.

मीटर नसेल तर एवढंच करा

मीटर नसताना मेनूतला एसआरजीबी मोड असेल तर तो लावा, बऱ्याच मॉनिटरना कारखान्यात तो बऱ्यापैकी जुळवलेला असतो. ब्राइटनेसला कागदाचा उपाय: एक पांढरा ए४ स्क्रीनशेजारी धरा, आपला तो ६५०० चा दिवा चालू, आणि स्क्रीनवरचा पांढरा कागदाइतकाच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. बहुतेकांचा ८०-९० वरून ३० च्या आसपास येतो आणि पहिल्या दिवशी सगळे म्हणतात अंधार झाला. दोन दिवस थांबा. सगळ्यात जास्त ऑनलाइन फोटो काळपट जातात ते याच कारणाने, एडिट करणाऱ्याची स्क्रीन टॉर्चसारखी पेटलेली असते, म्हणून तो फोटो गडद करत जातो. आरजीबी गेन डोळ्याने बदलायला जाऊ नका, डोळा पाच मिनिटात कशालाही पांढरं म्हणतो, माझ्या गुलाबी स्क्रीनला म्हणत होताच की.

पायरी ४: मीटर लावून

मीटर मित्राचा चालतो, भाड्यानेही मिळतो, महिन्यातून एकदाच लागतो. फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांत विचारून बघा. सेकंडहँड जुना मीटर घेताना जपून, जुन्या मॉडेलचे फिल्टर वयाने आणि दमटपणाने उतरतात, आणि आपल्या हवेत दमटपणाची काय कमी. सॉफ्टवेअर मीटरबरोबर येतं ते वापरा, किंवा फुकटातलं डिस्प्लेकॅल, जे आर्गिल या इंजिनावर चालतं आणि ज्यात करेक्शनची यादी मोठी आहे.

स्क्रीन थोडी मागे कलती करा म्हणजे मीटर स्वतःच्या वजनाने चिकटून बसतो, कडेने उजेड शिरता कामा नये. मधोमध लावा. मोबाइल लांब ठेवा, त्याची स्क्रीन पेटली तर अंधाऱ्या पॅचचं माप बिघडतं. आणि स्क्रीनसेव्हर बंद आहे ना, बघा, तासाभराच्या कामात पन्नासाव्या मिनिटाला मासे पोहायला लागतात.

आता ते ड्रॉपडाउन. सीडीवर जे दिसलं ते निवडायचं: सीसीएफएल, व्हाइट एलईडी, आरजीबी एलईडी, जीबी एलईडी (वरची ती निळी-हिरवी चिप आणि लाल फॉस्फर), पीएफएस फॉस्फर किंवा ओएलईडी. पीएफएस म्हणजेच आपला केएसएफ, फॉस्फर एकच, नावं दोन, आणि मी नेमका या नावाच्या गोंधळातही फसलो होतो, यादीत केएसएफ दिसला नाही म्हणून 'नसेल' समजलो. तुमच्याच मॉडेलचं करेक्शन डिस्प्लेकॅलच्या ऑनलाइन यादीत कुणी टाकलेलं असेल तर ते घ्या, फक्त स्पेक्ट्रमवर आधारलेलं आहे ना ते बघा, दुसऱ्या माणसाच्या मीटरपुरतं केलेलं मॅट्रिक्स करेक्शन आपल्या मीटरला बसेलच असं नाही.

टार्गेट ठेवा व्हाइट पॉइंट (पांढऱ्याची छटा) डी६५, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढतो ते) २.२, उजेड १२० निट (स्क्रीनच्या उजेडाचं माप), खोली बरीच अंधारी असेल तर १००. डी६५ म्हणजे साधारण दिवसाचा सरासरी उजेड, जुलैत पाऊस थांबल्यावर ढगाळ आकाशाखाली जसा असतो साधारण तसा. छापायला देणारे काही जण डी५० घेतात, साडीचे ऑनलाइन फोटो करणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

सुरुवातीला सॉफ्टवेअर तीन पट्ट्या दाखवून मॉनिटरच्या मेनूतून लाल-हिरवा-निळा जुळवायला सांगतं. हे कंटाळा न करता करा, कारण इथे मॉनिटरमध्येच जेवढं जुळेल तेवढं ग्राफिक्स कार्डला कमी ओढावं लागतं. सगळी दुरुस्ती कार्डावर टाकली तर ८ बिटमध्ये पायऱ्या तुटतात आणि साडीच्या मागच्या राखाडी पडद्यावर पट्टे दिसतात. गेन वाढवायचा नसतो, जो रंग जास्त आहे तो कमी करायचा. काँट्रास्टला हात लावू नका. शेवटी प्रोफाइल बनतो, म्हणजे स्क्रीनच्या रंगांची माहिती ठेवणारी फाइल; साध्या पॅनलला त्याचा 'कर्व्ह्ज आणि मॅट्रिक्स' हा प्रकार पुरतो, दीडशे-दोनशे पॅच पुष्कळ झाले, हजार पॅच लावून रात्रभर मॉनिटर तापवत ठेवण्याचा काही फायदा मला तरी दिसलेला नाही.

झालं की प्रोफाइल इन्स्टॉल करा, आणि विंडोजवर त्याचा लोडर चालू राहील असं बघा, तो बंद पडला की प्रोफाइल नावालाच असतो. काही गेम ते सेटिंग उडवतात. मुलगा किंवा भाचा कॉम्प्युटर वापरत असेल तर काम सुरू करण्याआधी एकदा खात्री करा.

पायरी ५: तपासणी, आणि रिपोर्टवर विश्वास किती

रिपोर्टमध्ये डेल्टा ई म्हणजे हवा असलेला रंग आणि मिळालेला रंग यातलं अंतर. सरासरी २ च्या आत असेल तर या कामाला छान. पण वर सांगितलं तसं, हा रिपोर्ट त्याच चष्म्याचा. म्हणून मी दुसरी तपासणी साडीवर करतो. एक न चमकणारी सुती साडी, शक्यतो अबोली किंवा श्रीखंडी, कारण फिके रंग झाक लगेच उघड करतात, गडद रंगात ती लपते. फोटो काढताना ग्रे कार्ड समोर ठेवून व्हाइट बॅलन्स नीट घेतलेला हवा, नाहीतर कॅमेऱ्याची चूक मॉनिटरच्या नावावर. मग तीच साडी त्याच ६५०० च्या दिव्याखाली स्क्रीनशेजारी धरायची आणि आळीपाळीने बघायचं. करेक्शन बदलून पुन्हा कॅलिब्रेट केल्यावर मी काकांची तीच परत आलेली साडी आणून धरली होती. जुना फोटो उघडला तर चक्क बदामी दिसला, म्हणजे अबोली परत करणाऱ्या नाशिकच्या बाईंना जे दिसलं ते मला पहिल्यांदा माझ्या स्क्रीनवर दिसलं. चाळीसच्या चाळीस फोटो पुन्हा केले, फुकट.

दोन मॉनिटर असतील तर एका धक्क्याची तयारी ठेवा. एक साधा एलईडी, एक केएसएफ, दोन्ही बरोब्बर करेक्शन लावून डी६५ ला आणलेत, मीटर म्हणतो सारखे, आणि डोळा म्हणतो एक हिरवट आहे. इथे मीटरही खोटा नाही आणि डोळाही नाही. ही सगळी मोजणी १९३१ मध्ये सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश-रंग संस्थेने ठरवलेल्या सरासरी डोळ्यावर चालते, आणि अगदी वेगळ्या स्पेक्ट्रमच्या दोन दिव्यांना तो सरासरी डोळा सारखं म्हणाला तरी तुमचा म्हणेलच असं नाही. उपाय असा की एकाला मुख्य धरा, दुसऱ्याचा पांढरा डोळ्याने त्याच्याजवळ आणा, ते मूल्य टार्गेट म्हणून टाका आणि पुन्हा कॅलिब्रेट करा. रंगाचा निर्णय मुख्य मॉनिटरवरच घ्यायचा, दुसऱ्यावर व्हॉट्सअॅप आणि फोल्डर.

पायरी ६: फोटो बाहेर पाठवताना

एवढं सगळं करून फोटो अॅडोबी आरजीबीत एक्स्पोर्ट केला तर काही अॅपमध्ये तो मेलेला दिसतो. एसआरजीबी, प्रोफाइल एम्बेड करून, संपला विषय. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने आणलेली ही व्यवस्था अजून चालतेय कारण सगळ्यांना तीच येते. तुमचा वाइड गॅमट (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग दाखवणारा) मॉनिटर असेल तर तपासणी फोटोशॉप किंवा ब्राउझरमध्ये करा, कलर मॅनेजमेंट न कळणाऱ्या फोटो व्ह्यूअरमध्ये पोपटी रंग किंचाळतो आणि तुम्ही उगाच घाबरून सॅच्युरेशन कमी करता.

मोरपंखीबद्दल मात्र काकांना आधीच सांगून ठेवलंय. गडद हिरव्या-निळ्याच्या त्या कोपऱ्यात एसआरजीबी तोकडा आहे, चांगल्या रेशमाची मोरपंखी त्याच्या बाहेर जाते, मग फोटोत ती जरा सपाट येते. मी वर्णनात रंगाचं नाव ठळक लिहायला लावतो. मराठी बाईला मोरपंखी म्हटलं की काय ते कळतं, तिथे पिक्सेलची गरज नाही.

कॅलिब्रेशन महिन्यातून एकदा पुरतं, एलईडी सीसीएफएलपेक्षा बराच हळू बदलतो. मीटर लेन्सच्याच हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि जूनच्या आधी पुड्या बदला.

आता उरली धूपछाव. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, पदर हलला की जांभळ्याची हिरवी. गेल्या महिन्यात काकांनी अशी एक पाठवली आणि विचारलं, "हिचा खरा रंग कुठला रे आता?" मी मॉनिटर बघितला, साडी बघितली, आणि त्या साडीचा फोटो पाठवलाच नाही. खिडकीत धरून पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला, काकूंनाच पदर हलवायला लावला, आणि तोच लावलाय लिस्टिंगला.